फुकटच्या खेळाचा हिशोब

व्हॅलोरंट डाउनलोड करायला पैसे पडत नाहीत, महिन्याची वर्गणी नाही, आणि कितीही पैसे ओतले तरी तुमची गोळी दुसऱ्याच्या गोळीपेक्षा जोरात लागत नाही. रायट गेम्सने २ जून २०२० रोजी हा खेळ बाजारात आणला, तेव्हापासून हे असंच आहे. तरी हा खेळ घरात शिरला की खिसा हलका होतोच, आणि तो बहुतेक वेळा नको त्या जागी होतो. दीड हजाराची रंगीत बंदूक घेतलेला मुलगा दोनशे रुपयांची केबल नाही म्हणून वायफायवर अडखळत खेळताना दिसतो. हा लेख नव्याने खेळायला बसणाऱ्यांसाठी आहे, तितकाच ज्यांच्या खात्यातून पैसे जातात त्यांच्यासाठीही. रुपयांचे आकडे सध्याच्या बाजाराचा अंदाज म्हणून धरा. शहर आणि दुकान बदललं की थोडे इकडेतिकडे होणारच.

खेळ काय आहे ते थोडक्यात. पाच विरुद्ध पाच. एका गटाने ‘स्पाइक’ नावाचा बॉम्ब ठरलेल्या जागी लावायचा, दुसऱ्याने तो अडवायचा किंवा निकामी करायचा. बारा राउंडनंतर बाजू बदलतात आणि जो आधी तेरा राउंड जिंकेल त्याचा सामना. असा एक सामना अर्धा-पाऊण तास चालतो आणि मध्येच उठून गेलं तर दंड बसतो: काही काळ नवा सामना सुरूच करता येत नाही, शिवाय मागे राहिलेल्या चौघांचा खेळ बिघडतो तो वेगळाच. त्यामुळे आईबाबांनो, ‘आत्ताच्या आत्ता ऊठ’ यापेक्षा ‘हा सामना संपला की ऊठ’ हा हुकूम जास्त पाळला जातो. हाताशी वीसच मिनिटं असतील तर ‘स्विफ्टप्ले’ निवडावं. तिथे पाच राउंड जिंकले की निकाल लागतो.

युरोपातल्या ‘पेगी’ मानांकनात हा खेळ १६ वर्षांवरच्यांसाठी आहे. घरात बारा वर्षांचं पोर असेल तर खर्चाच्या आधी याचा विचार व्हावा.

यंत्र घेण्याआधी

सगळ्यात आधी कॉम्प्युटर विकत घेऊ नका. शहरातल्या कुठल्याही गेमिंग कॅफेत ताशी साधारण ६० ते १०० रुपये देऊन हा खेळ खेळता येतो. तिथे तो आधीच भरलेला असतो, स्क्रीन चांगला असतो, नेट दणकट असतं. महिनाभर शनिवार-रविवार दोन-दोन तास बसलात तर हजार ते दीड हजारात कळून जाईल की ही हौस टिकणारी आहे की मित्रांच्या नादाने आलेली. एकच पथ्य: तुमच्या रायट खात्याला ईमेलवर कोड येणारी दुहेरी पडताळणी घरूनच लावून जा, कॅफेतल्या मशीनवर ‘साइन इन ठेवा’ची खूण करू नका आणि उठताना नुसती विंडो बंद न करता लॉगआउट करा. खाती चोरीला जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

हौस टिकली तर मग यंत्र. व्हॅलोरंटची मागणी फार नाही. रायटने किमान म्हणून दिलेली यादी ४ जीबी रॅम आणि जुन्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सपाशी थांबते. ही यादी वाचून अनेकजण लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात सात-आठ हजारांचा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा कॉम्प्युटर उचलतात. इथे जपून. खेळाबरोबर ‘व्हॅनगार्ड’ नावाचा राखणदार येतो, फसवेगिरी पकडणारा. विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय खेळू देत नाही. जुन्या मशीनमध्ये हे नसतं, किंवा बंद असतं, आणि पडद्यावर ‘व्हॅन ९००१’ किंवा ‘व्हॅन ९००३’ अशी चूक झळकते. विंडोज १० वर राहावं म्हटलं तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे. म्हणून जुनं घेताना इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचंच घ्या. विंडोज ११ अधिकृतपणे तिथूनच चालतं. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असा रिफर्बिश्ड डबा पंधरा हजारांच्या आसपास मिळतो.

दुकानातच दोन गोष्टी बघून घ्या. एक, स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून उघडायचं. ‘बायोस मोड’समोर ‘यूईएफआय’ आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ‘ऑन’ हवं. ‘लेगसी’ दिसलं तर दुकानदारालाच बदलून द्यायला सांगा, कारण घरी नेल्यावर हे काम बहुधा विंडोज पुन्हा टाकण्यापर्यंत जातं. दोन, रॅमची ८ जीबीची एक पट्टी आहे की ४-४ च्या दोन? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर दोन पट्ट्यांवर खेळ चांगलाच मोकळा चालतो, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. दुकानदार म्हणेल ‘साहेब, एकच आहे’. जाताना दोन करून घ्या. जीएसटीचं बिल आणि निदान महिन्याभराची वॉरंटी लेखी घ्यायची, तोंडी नाही.

मॅकबुकवर हा खेळ चालत नाही. क्रोमबुकवरही नाही. मोबाईलवरचा अधिकृत खेळ २०२५ मध्ये चीनमध्ये आला. भारतात कुणी ‘व्हॅलोरंट मोबाईल’ची एपीके फाइल पाठवली तर ती उघडूच नका. आणि ऑफिसचा लॅपटॉप? व्हॅनगार्ड विंडोज सुरू होतानाच, अगदी आतल्या पातळीवर जागा होतो. कंपनीच्या यंत्रावर असलं काही बसवणं म्हणजे आयटी खात्याच्या फोनला आमंत्रण.

तीनशे रुपयांत सुधारणारा खेळ

रायटचा सर्व्हर मुंबईत आहे, हे आपल्याकडच्या खेळाडूंचं भाग्य. मुंबई-पुण्यात फायबरवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, सहसा १०-२० मिलिसेकंदांत राहतो. त्यासाठी महागडा प्लॅन लागत नाही. ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये, एवढा पुरे. वेग लागतो तो अपडेट उतरवायला. खेळताना लागते ती स्थिरता. आणि ती राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत टाकलेल्या दहा मीटर लॅन केबलमध्ये असते. ती दोन-तीनशे रुपयांना मिळते. फोनच्या हॉटस्पॉटवर ऐन समोरासमोर येताना पिंग उडी मारतो आणि आपण आधी पाहिलं, आधी मारलं, तरी मेलेले आपणच असतो.

या खेळात कान डोळ्यांइतकेच चालतात. पावलांचा आवाज कुठून येतो यावर अर्धा निकाल ठरतो. त्यामुळे पुढचे पैसे मायक्रोफोन असलेल्या वायरच्या साध्या हेडसेटवर: सहाशे ते हजार. मग पाचशे-हजाराचा वायरवाला माऊस आणि तीनशेचं मोठं पॅड. पॅड मोठं का, तर नवखे माऊसचा वेग अफाट ठेवतात आणि मनगट दोन बोटं हलवून नेम धरू बघतात. वेग कमी करा, पूर्ण हात फिरवा. त्याला जागा लागते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर छान असतो, पण तुमचं यंत्र सेकंदाला १४४ चित्रं काढूच शकत नसेल तर ते पैसे पाण्यात.

जिथे वीज जाते तिथे राउटरसाठी छोटा आणि कॉम्प्युटरसाठी साधा यूपीएस ठेवा. वीज गेली हे कारण खेळाला कळत नाही, दंड तोच. विजेचं बिल मात्र फार वाढत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला डबा रोज तीन तास चालला तरी महिन्याला दहा-पंधरा युनिटांच्या आसपास.

आणखी एक, परदेशात नातेवाईक असलेल्यांसाठी. खातं उघडताना तुम्ही जिथे असता त्या प्रदेशाला ते जोडलं जातं. भारतातलं खातं आशिया-पॅसिफिकमध्ये येतं. दुबईतल्या मामेभावाचं किंवा न्यू जर्सीतल्या पुतण्याचं खातं वेगळ्या प्रदेशात, आणि दोन प्रदेशांतली खाती एकत्र खेळू शकत नाहीत. सुट्टीत एकत्र खेळायचा बेत असेल तर हे आधी बोलून घ्या, पैसे खर्च करण्याआधी तर नक्कीच.

दुकानात काय मिळतं, काय नाही

खेळातलं दुकान ‘व्हॅलोरंट पॉईंट’वर चालतं, सगळे त्याला व्हीपी म्हणतात. भाव मधूनमधून बदलतात, पण एक पॉईंट साधारण ८० पैशांना धरला की हिशोब जमतो. बंदुकीचं ‘सिलेक्ट’ स्किन ८७५ व्हीपी, ‘डिलक्स’ १,२७५, ‘प्रीमियम’ १,७७५. म्हणजे अनुक्रमे सातशे, हजार आणि चौदाशे रुपये. प्रीमियम मालिकेतला चाकू ३,५५०, म्हणजे अठ्ठावीसशेच्या पुढे. आणि चाकू हा या खेळात बहुतांशी हातात धरून पळायची वस्तू आहे.

स्किन म्हणजे रंग, आवाज आणि हालचालीचा नखरा. बंदूक तीच, मारा तोच, गोळ्यांचा फैलाव तोच. तरी प्रत्येक गटात एकजण असतोच: ‘अरे, ही व्हँडल घे, हिच्या गोळ्या सरळ जातात.’ जात नाहीत. आवाज वेगळा असल्यामुळे तसं वाटतं, आणि नवी वस्तू हातात आली की माणूस दोन दिवस लक्ष देऊन खेळतो, एवढंच.

या दुकानात तीन ठिकाणी नवखे ठेचकाळतात. पहिली ठेच मापाची. पॉईंटचे गठ्ठे ४७५, १,००० अशा ठरीव मापात मिळतात आणि वस्तूंचे भाव मुद्दाम त्या मापात बसत नाहीत. ८७५ चं स्किन घ्यायला हजाराचा गठ्ठा घ्यावा लागतो, १२५ उरतात, आणि ते उरलेले १२५ पुढच्या खरेदीचं निमित्त होतात.

दुसरी जास्त आतबट्ट्याची. व्हिडिओत बघितलेलं स्किन नाचतं, मारल्यावर समोर आतषबाजी होते. विकत घेतल्यावर यातलं काहीच दिसत नाही, कारण वरच्या पायऱ्या ‘रेडियनाइट’ नावाच्या दुसऱ्याच चलनात उघडतात. साधारण एका पायरीला १० रेडियनाइट. दुकानात २० रेडियनाइटची किंमत १,६०० व्हीपी, म्हणजे तेराशेच्या आसपास. चौदाशेचं स्किन पूर्ण खुलवायला गेलात तर त्याच्याइतकेच किंवा जास्त पैसे पुन्हा मोजाल. माझ्या मते हा भाव नव्या गिऱ्हाइकाला आधी ठळक दिसायला हवा. तो दिसत नाही म्हणून इथे लिहिला.

तिसरी घाईची. तुमच्या दुकानात रोज चार स्किन येतात आणि चोवीस तासांत जातात, बाजूला घड्याळ उलटं चालू असतं. त्या घड्याळाकडे बघू नका. नेहमीच्या दुकानातली स्किन पुन्हा फिरून येतात. मधूनमधून ‘नाइट मार्केट’ लागतं, तेव्हा काही सवलतीतही मिळतात.

पैसे खर्च करायचेच असतील, आणि हौसेला मोल नाही हे मलाही मान्य आहे, तर बॅटलपास हा त्यातल्या त्यात शहाणा व्यवहार: १,००० व्हीपी, आठशेच्या घरात, आणि त्यात बरीच स्किन व थोडं रेडियनाइटही मिळतं. मात्र तो पहिल्या दिवशी घेऊ नका. बॅटलपास साधारण दोन महिने चालतो आणि तुम्ही खेळून गाठलेल्या पायऱ्या तो न घेताही मोजल्या जातात. शेवटच्या आठवड्यात बघा कुठवर पोचलात. तिथवरच्या वस्तू आवडल्या तर तेव्हा घ्या, सगळं एकदम हातात पडतं. परीक्षा आली, खेळणं राहिलं, तर आठशे वाचले.

पात्रांसाठी, म्हणजे एजंटांसाठी, पैसे अजिबात देऊ नका. ब्रिमस्टोन, जेट, फिनिक्स, सेज आणि सोव्हा हे पाच आरंभी फुकट असतात. बाकीचे एक-एक १,००० व्हीपीला विकत मिळतात, पण तेच खेळून मिळणाऱ्या ८,००० किंग्डम क्रेडिटनाही उघडतात. ही क्रेडिट १०,००० च्या वर साठत नाहीत, म्हणून आठ हजार झाले की एजंट घेऊन टाका. नवख्याने आधी सेज किंवा ब्रिमस्टोन धरावा. सगळ्यांना जेट हवी असते. पण जेट उडते तेवढीच पटकन मरते.

घेतलेलं परत करता येतं का? न वापरलेले पॉईंट १४ दिवसांत परत करता येतात. न वापरलेलं, न वाढवलेलं स्किनही तेवढ्याच मुदतीत. बॅटलपास, रेडियनाइट, एजंट परत होत नाहीत. म्हणून मुलाने न विचारता खरेदी केली असेल तर आधी त्याला त्या बंदुकीने खेळायचं थांबवा, रागवायचं नंतर. आणि कार्ड सेव्ह करून ठेवू नका. दर वेळी यूपीआयचा पिन मागितला जाऊ दे, तेवढ्यात विचार होतो.

राउंडचा बटवा

खेळाच्या आतही पैसे आहेत, तेही क्रेडिटच, आणि नवखे सामने हरतात ते बहुतेक तिथे. हे शिकायला एक पैसा लागत नाही. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे ८०० असतात. जिंकलात तर ३,०००, हरलात तर १,९००, लागोपाठ दुसऱ्यांदा हरलात तर २,४००, मग २,९००. प्रत्येक बळीला २००, स्पाइक लावल्याबद्दल ३००. चांगली रायफल, व्हँडल किंवा फँटम, २,९०० ला आणि जड चिलखत १,००० ला. म्हणजे पूर्ण तयारीला ३,९०० हवेत.

आता समजा पहिला राउंड सगळे खर्चून हरलात. हातात १,९००. गटातले जुने म्हणतात, ‘इको, कुणी बाय करू नका.’ तुम्हाला १,६०० ची स्पेक्टर दिसते आणि बोट शिवशिवतं. घेतली आणि हरलात तर उरलेले ३०० आणि मिळालेले २,४००, एकूण २,७००. तिसऱ्या राउंडला रायफलही नाही, मग चिलखत कुठलं. न घेता हरलात तर १,९०० आणि २,४०० मिळून ४,३००. रायफल, जड चिलखत आणि वर ४०० एजंटच्या करामतींना. बाकी चौघांकडे तेवढेच असतात, त्यामुळे तिसऱ्या राउंडला पाच रायफली एकदम उतरतात. तुम्ही एकट्याने आधी खर्च केलात तर चार रायफली आणि एक पिस्तूल. शहाणपण एवढंच: सगळ्यांनी मिळून घ्यायचं, नाहीतर सगळ्यांनी मिळून थांबायचं.

खरेदीच्या पडद्यावरच पुढच्या राउंडला किमान किती मिळतील तो आकडा लिहिलेला असतो. तो ३,९०० च्या खाली जात असेल तर हात आवरा. कुणाकडे जास्त असतील तर मागा. मागण्याची सोय त्याच पडद्यावर आहे, आणि ‘ड्रॉप कर ना’ म्हणण्यात लाज नाही. ९,००० च्या वर साठतच नाहीत, त्यामुळे श्रीमंताने अडकवून ठेवण्यातही अर्थ नाही. उलट बाजूही आहे: हरत चाललेल्या राउंडमध्ये रायफल हातात असेल तर लपून ती वाचवावी. पण आक्रमण करताना स्पाइक न लावता हरलात आणि जिवंत राहिलात तर फक्त १,००० मिळतात. म्हणजे तेव्हा बंदूक वाचवणं रायफलवाल्यालाच परवडतं. हातात पिस्तूल घेऊन कोपऱ्यात बसणं तोट्याचं.

बंदूक चालवतानाचं एकच सांगतो: थांबून मारा. पळता पळता मारलेल्या गोळ्या कुठेही जातात. आणि नेमाचं चिन्ह जमिनीकडे नको, समोरच्याच्या डोक्याच्या उंचीवर धरून चाला. ‘रेंज’मध्ये रोज दहा मिनिटं हेच केलं तरी महिन्यात फरक दिसतो. शिवीगाळ करणारा भेटला तर गुणफलक उघडून त्याला म्यूट करा, सामना संपल्यावर तक्रार नोंदवा, वाद घालत बसू नका.

स्वस्तात मस्त म्हणून येणारे

रँकवाले सामने खेळायला खात्याची विसावी पातळी लागते. तिथे पोचायला कित्येक आठवडे जातात, आणि ही अधीरता ओळखून खाती विकणारे टपलेले असतात: ‘लेव्हल २०, स्किनसकट, पंधराशे.’ खातं विकणं, विकत घेणं, दुसऱ्याला वापरायला देणं हे सगळं रायटच्या नियमांत बसत नाही. बंदी आली तर दाद मागता येत नाही. शिवाय मूळ मालकाकडे पहिला ईमेल असतो. पैसे मिळाल्यावर तो खातं परत ओढून घेतो आणि तेच तिसऱ्याला विकतो. अर्ध्या किमतीत व्हीपी, रँक वाढवून देतो म्हणून पासवर्ड मागणारे, डिस्कॉर्डवर फुकटच्या भेटीची लिंक पाठवणारे, ‘हॅक’ म्हणून फाइल देणारे, सगळे एकाच माळेचे मणी.

सामन्यांवर पैसे लावणाऱ्या साइट आणि गटांपासून लांब राहा. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे. स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजक कोण, बक्षीस कोण देणार, नोंदणीचे पैसे कोणाच्या नावावर जातात हे आधी विचारा. खासगी यूपीआय आयडीवर मागितले तर तिथेच थांबा.

पैसे गेलेच तर वेळ घालवू नका. फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, चॅट डिलीट करू नका. दुकानदाराने वॉरंटी नाकारली किंवा लिहिलेल्यापेक्षा जुना प्रोसेसर गळ्यात मारला तर तो ग्राहक तक्रारीचा विषय: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सगळ्यात आधी बिल मागतात.